परमुलखातला पैसा आणि घरचे खाते



व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी मला रस्त्यात अडवून विचारले, "वसंतातल्या व्याख्यानाला तुम्ही पासबुकावर बोलणार? मग शिवछत्रपती आणि बाजीराव कोणी सांगायचे?" त्यांचा आक्षेप अगदीच गैर नव्हता. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि तलवारी आठवतात. पैसा आठवलाच तर चौथाईचा किंवा खंडणीचा. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांची गेल्या पावणेदोनशे वर्षांची हकिगत काढून बघा. त्यातला केवढा तरी भाग घर सोडून बाहेर गेलेल्या माणसांचा आहे. कोणी पलटणीत गेले, कोणी गिरणीत, कोणी सोने गाळायला मद्रासकडे, कोणी शिकायला विलायतेस आणि अलीकडे दुबईला नाही तर अमेरिकेला. या प्रत्येकाने एकाच प्रश्नाशी झुंज दिली आहे. पैसा एका मुलखात आहे, गरज दुसऱ्या मुलखात आहे, आणि मधल्या वाटेवर तो पैसा कोणाच्या हाती, कोणाच्या नावावर असायचा?

या प्रश्नाची आपल्याकडली सर्वांत करुण हकिगत साताऱ्याचीच आहे.

५ सप्टेंबर १८३९ रोजी इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले आणि काशीस नेऊन ठेवले. गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवले. मुंबई सरकारने केलेला अन्याय लंडनमध्ये कंपनीच्या मालकांपुढे आणि पार्लमेंटपुढे मांडला तर दाद लागेल, अशी महाराजांची श्रद्धा होती. आज आपल्याला ती भोळी वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. या कामासाठी जे वकील विलायतेस गेले त्यांत रंगो बापूजी गुप्ते हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १८४० मध्ये ते लंडनला पोचले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे राहिले. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद आणि गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉमसन त्यांच्या बाजूने बोलले. ठराव आले आणि पडले, अर्जांचे ढीग झाले. हा भाग आपण पुष्कळदा ऐकला आहे. मला आज निराळेच विचारायचे आहे. तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये राहायचे म्हणजे घरभाडे, कोळसा, छपाईचा खर्च, वकिलांची फी, कारकुनांचा पगार. हा पैसा यायचा कोठून, आणि कसा?

त्या वाटेचे टप्पे मोजून पाहू. धनी काशीला नजरकैदेत. त्याला नेमणूक कोण देणार, तर कंपनी सरकार. आणि वकिलाने दाद कोणाविरुद्ध मागायची, तर तेही कंपनी सरकारच. महाराजांची मूळ दौलत साताऱ्यास, ती दुसऱ्याच्या ताब्यात. काशीहून कलकत्ता किंवा मुंबई, तिथे एखाद्या इंग्रज पेढीकडून लंडनच्या पेढीवर हुंडी विकत घ्यायची, ती टपालाने सुएझमार्गे रवाना करायची. पत्र जायला दीडदोन महिने, उत्तर यायला तितकेच. हुंडीचा कागद हाती आला म्हणजे लगेच पैसे मिळतात असेही नाही. तो मुदती असला तर मुदत भरेपर्यंत थांबायचे. थांबणे परवडत नसेल तर मनोती कापून देऊन आधी पैसे उचलायचे. शिवाय ज्या पेढीवर हुंडी असेल ती पेढी तोवर जिवंत पाहिजे! ही थट्टा नाही. १८४७ च्या मंदीत लंडनमधल्या हिंदुस्थानी व्यापाराच्या कितीतरी पेढ्या बुडाल्या, आणि १८४८ च्या आरंभी कलकत्त्याची युनियन बँक कोसळली. त्याच १८४७ च्या ऑक्टोबरात महाराज काशीस वारले. वकिलाचा धनी गेला. पुढल्या वर्षी आप्पासाहेबही गेले आणि डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. तरी रंगो बापूजींनी लंडन सोडले नाही. कर्ज वाढत गेले. अखेर त्या कर्जाची वाट लावून परतीच्या प्रवासाची तजवीज केली ती कंपनीनेच. म्हणजे ज्याच्याशी भांडायला गेले त्याच्याच पैशाने ते घरी आले. १८५७ साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव त्यांनी केली, त्यांचे चिरंजीव सीताराम यांना गेंडामाळावर फासावर चढवण्यात आले, आणि स्वतः रंगो बापूजी जे निसटले ते पुन्हा कोणाला सापडले नाहीत. स्वाभिमानी माणसाने शत्रूकडून वाटखर्च घेऊन परतावे, यातली टोचणी त्या पुढच्या धगीत किती होती ते मी सांगू शकत नाही. पण ती नव्हती असे मला वाटत नाही.

आपल्या मुलखात पैसा दूर पाठवण्याची रीत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. हुंडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांपुढे हुंडीची महती सांगणे म्हणजे काशीत गंगा विकण्यासारखे आहे. परंतु तरुण मंडळींसाठी दोन शब्द सांगतो. हुंडी म्हणजे एका पेठेतल्या सावकाराने दुसऱ्या पेठेतल्या आपल्या आडत्याला लिहिलेली चिठ्ठी, की अमक्याला इतके रुपये द्यावे. दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यायचे ती मुदती. वाटेत हरवली तर दुसरी प्रत लिहायची तिला पेठ म्हणायचे, तीही हरवली तर परपेठ. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून 'रुपये पाचशे, निमे अडीचशे, त्याचे दुप्पट' असे लिहायचे. हुंडी सकारली म्हणजे मान्य झाली. आणि या सगळ्या खटाटोपाबद्दल जो आकार पडे तो हुंडणावळ. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, म्हणून वर बट्टा निराळा.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या एका शब्दात आहे. हुंडी 'शहाजोग' असे, म्हणजे बाजारात पत असलेल्या शहाच्याच हाती पैसे पडायचे. तुम्हाला पेठेत ओळखणारा कोणी असेल तर तुमची हुंडी चालते. साताऱ्याच्या वकिलाला लंडनच्या पेठेत ओळखणारा शहा कोण होता? पैसा पाठवण्याची विद्या आपल्याकडे होती. ओळख मात्र समुद्रापलीकडे गेली नव्हती.

गरिबाला तर हुंडी कधीच लाभली नाही. पलटणीतला शिपाई रजेवर येताना कमरेच्या कसात रुपये बांधून आणी, किंवा गावच्या एखाद्या विश्वासू माणसाबरोबर पाठवी. ही स्थिती बदलली ती १८८० मध्ये. त्या वर्षी टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, पोस्टाची बचत बँक देशभर निघाली. आपण रेल्वेने देश जोडला असे म्हणतो. माझ्या मते आपल्या घाटमाथ्यावरच्या खेड्यांच्या दृष्टीने मनिऑर्डरचा फॉर्म हा रेल्वेहून मोठा शोध होय. या फॉर्मने ओळखीची अट काढून टाकली. पोस्टमन तुम्हाला पत विचारत नाही. नाव विचारतो, आणि सही किंवा अंगठा घेतो. फॉर्मच्या तळाशी एक चिठोरे असे. त्यावर दोन ओळी लिहिता येत. त्या दोन ओळींत संसार चालत. बियाण्याला इतके, वाण्याला इतके, आईच्या औषधाला इतके.

पण इथेच एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मनिऑर्डर कोणाच्या नावाने यायची? बहुधा वडिलांच्या. वडील नसतील तर थोरल्या भावाच्या. जिचा नवरा मुंबईत तेरा-चौदा तास राबत होता तिच्या नावाने ती क्वचितच यायची. पैसे सासऱ्याने घ्यायचे, चिठोरे शाळेतल्या पोराने वाचायचे, आणि सुनेने दाराआडून ऐकायचे. पैशाची वाट सरकारने बांधून दिली. पण ती घराच्या उंबऱ्यापर्यंतच येत होती.

याला एक अपवाद होता, आणि तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. पहिल्या महायुद्धात आपल्या जिल्ह्यातून किती माणसे गेली हे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला विचारावे. त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले असे तिथले स्मारक सांगते, आणि गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' हा शब्द लागतो. मेसोपोटेमियात कूट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे तुर्कांच्या हाती पडले. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. बसऱ्यात राहून त्याला तो खर्चायला जागाही नव्हती. म्हणून पगारातला काही हिस्सा घरच्या माणसाच्या नावे परस्पर लावून देण्याची सोय सैन्याने ठेवली होती, आणि रणांगणावरच्या टपाल कचेरीतून मनिऑर्डरही करता येई. या पद्धतीत शिपायाला एक नाव लिहून द्यावे लागे. माझ्या मागे पैसा कोणाला, हा प्रश्न कोऱ्या कागदावर त्याच्यापुढे ठेवला जाई. बरेच जण तिथेही बापाचे नाव घालत असतील. पण प्रश्न विचारला तरी गेला. घरात तो कोणीच विचारत नव्हते.

आता पुन्हा लंडनला जाऊ, पण साताऱ्याच्याच वाटेने. ज्या शाळेला पुढे प्रतापसिंह महाराजांचे नाव मिळाले, त्या साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वडील तेव्हा दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून खटाव तालुक्यात कोरेगावला राहत होते, मुले साताऱ्यात. १९०१ च्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलावले आणि गाडीभाड्याचे पैसे पाठवले. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांपर्यंत पत्र पोचलेच नव्हते, तेव्हा न्यायला कोणी आले नाही. पुढे बैलगाडीचा प्रवास. मुलांची जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची ठरली, तेव्हा एक जण तयार झाला. तो आपला बाजूने चालत राहिला. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. घरून आलेला पैसा खिशात होता, रोकडा होता, खरा होता. तरी तो स्टेशनाबाहेर चालेना. हुंडणावळीचा याहून कडू प्रकार मला माहीत नाही.

हाच मुलगा पुढे बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेला. १९१७ मध्ये परतताना सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. त्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये आले तेव्हा कुठे घरी काही देऊन बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. मग सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले, शाहू छत्रपतींनी हातभार लावला, आणि १९२० च्या जुलैत लंडन गाठले. मागे रमाबाई मुंबईला, संसार तुटपुंज्या पैशांवर.

इथे थोडे गणित करू या. महायुद्धापूर्वी रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये. युद्धात चांदी कडाडली, आणि १९२० च्या आरंभी रुपया दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर गेला. म्हणजे पौंड साडेसात रुपयांच्या आत आला. सरकारने दोन शिलिंगांचा दर धरून ठेवायचा आटापिटा केला; तो त्याच वर्षी फसला. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग तीन पेन्सांच्या आसपास उतरला. आता पौंडाला सोळा रुपये! ज्याच्याजवळ मुंबईत तीन हजार रुपये शिल्लक होते, त्याला १९२० च्या सुरुवातीला त्यांचे चारशे पौंड मिळाले असते. वर्षभराने जेमतेम एकशे सत्याऐंशी. त्याने एक पैसा उधळला नाही, कोणी त्याला लुबाडले नाही, तरी लंडनमधली अर्धी मुदत गेली. सप्टेंबर १९२१ मध्ये आंबेडकरांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

आणि मौज अशी की त्याच दिवसांत ते जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. तो १९२३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला, आणि पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी याच विषयावर साक्ष दिली. रुपयाचे बाहेरचे मोल सावरण्यापेक्षा त्याचे घरातले मोल स्थिर राहणे महत्त्वाचे, असा त्यांचा एकूण रोख. अर्थशास्त्राचे पंडित त्या ग्रंथाचे मोजमाप आपल्या मापाने करोत. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला त्यातला ग्रंथकार दिसतो. रुपयाच्या चढउताराची झळ पोटाला लागत असता बसून त्याची मीमांसा करणारा विद्यार्थी जगात फार झाले नसतील.

आता पेढीवरून बँकेकडे. सांगलीत १९१६ साली सांगली बँक निघाली आणि साताऱ्यात १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक. या दोन बँकांनी आपल्या माणसाला जी गोष्ट दिली ती व्याजाहून मोलाची होती. बाहेरगावी असलेल्या माणसाचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि खिडकीमागे मराठी बोलणारा कारकून. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या पाटण-जावळीच्या किंवा शिराळ्याच्या गड्याला याआधी ठेव ठेवायची तर पोस्ट, आणि कर्ज काढायचे तर पठाण. पठाणाचा दर रुपयाला महिना एक आणा असे. ऐकायला किरकोळ, वर्षाचा हिशेब केला तर शेकडा पंचाहत्तर.

खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांचे आणखी निराळे. पाऊस नाही म्हणून विट्याकडची माणसे घराबाहेर पडली आणि परप्रांतांत सराफ पेठांच्या कडेला भट्ट्या मांडून सोने-चांदी गाळू लागली. दुकान केरळात नाही तर बंगालात, शेत आणि म्हातारे आईबाप खानापूर तालुक्यात. एक भाऊ भट्टीवर, एक नांगरामागे. दोघांचा हिशेब एकच, आणि बहुधा तोंडी. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने करण्यास मनाई झाली, तेव्हा सोन्यावर पोट असलेल्या सगळ्यांचीच भट्टी थंडावली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात भट्टीवरच्या भावाला घरून धान्य गेले असेल, तर ते कोणत्या वहीत लिहिले गेले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हाही असेच घडले. शंभर वर्षे मुंबईहून गावाकडे वाहणारा पैसा थांबला आणि गावाकडून पोती निघाली. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा मनिऑर्डरींची आठवण सर्वांना होती, पोत्यांची कोणालाच नव्हती.

बँकाही अमर नसतात हे आपल्या जिल्ह्यांनी पाहिले. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड बुडाली. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत. ठेवी सुरक्षित राहिल्या. पण शारजात बसलेल्या माणसाला एके दिवशी कळले की ज्या नावाची पाटी पाहून बापाने खाते उघडले होते ती पाटीच उतरली आहे. मनिऑर्डरची जुनी पद्धतही २०१५ मध्ये संपली.

परदेशी गेलेल्यांच्या खात्यांचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण त्यातही इतिहास आहे. १९४७ च्या परकीय चलन कायद्याची वृत्ती संशयाची होती. देशाजवळ पौंड-डॉलर थोडे, म्हणून प्रत्येक व्यवहारावर पहारा. १९७० मध्ये अनिवासी माणसासाठी 'बाह्य' रुपया खाते निघाले. परदेशातून आणलेला पैसा त्यात ठेवावा आणि हवा तेव्हा परत न्यावा. १९७५ मध्ये पौंड-डॉलरमध्येच ठेव ठेवण्याची सोय झाली. रुपया घसरला तरी ठेवीदाराला तोशीस नाही. तो तोटा त्या वेळी रिझर्व्ह बँक सोसत असे. १९२१ मध्ये लंडनमधल्या एकाकी विद्यार्थ्यावर जो बोजा पडला तो आता सरकारने आपल्या शिरावर घेतला होता. तो किती जड आहे ते १९९१ मध्ये कळले, आणि १९९३ मध्ये नवी योजना आणून तो बँकांकडे सोपवला. १९७३ चा कडक कायदा जाऊन १९९९ चा सौम्य कायदा १ जून २००० पासून अमलात आला. गावाकडचे भाडे, शेताचे उत्पन्न, लाभांश हे मात्र बहुधा 'सामान्य' अनिवासी खात्यात जमा होते. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथले जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते बदलून घ्यावे लागते, हे आपल्या पुष्कळ मंडळींच्या गावीही नसते. आणि ज्याच्यासाठी आपला माणूस घर सोडतो ती शेतजमीनच अनिवासी माणसाला विकत घेता येत नाही. वारशाने मिळाली तर ठेवता येते. म्हणून जमीन घेतली जाते ती गावच्या भावाच्या नावाने. कोर्टांतल्या वकील मित्रांना पुढचे सांगायला नको.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझे एक मामा कृष्णाकाठच्या एका खेड्यातले. आखातात त्यांनी एकोणीस वर्षे काढली. शिस्तीचे गृहस्थ; प्रत्येक पावती जपलेली. इथल्या एका बँकेत त्यांचे खाते होते. ते एकट्याच्या नावाने, आणि वारस म्हणून कोणाचेच नाव नोंदवलेले नाही. ठेवीवर नामनिर्देशन करण्याची सोय कायद्याने १९८० नंतरच्या दशकातच झाली होती. बँकेने त्यांना ती सांगितली नाही आणि मामांनी विचारली नाही. मामा तिकडेच वारले. मामींना मृत्यूचा दाखला अरबीत मिळाला. त्याचे भाषांतर, त्यावर वकिलातीचा शिक्का, मग वारसाचा दाखला, मग दोन दिरांची संमती. एक दीर तीन वर्षे सही करीना. तो दुष्ट नव्हता. मामांनी दरमहा पाठवलेल्या पैशांतून विहीर त्याने खोदली होती, घर त्याने उभे केले होते, म्हाताऱ्यांचे दुखणे त्याने काढले होते. त्याचे म्हणणे एवढेच, की माझ्या कष्टाचा हिशेब आधी करा. मामी म्हणायच्या, "पैसा माझ्या धन्याचा, आणि मी सहीसाठी धाकट्याच्या दारात." दोघांचेही खरे होते. वहीत दोघांचेही नाव नव्हते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे नोंदवता येतात, आणि कोणाला किती हेही लिहिता येते. दहा वर्षे ज्या ठेवीला कोणी हात लावला नाही ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही हक्कदाराला ती मागता येते. मामींच्या वेळी यातले पहिले नव्हते. असते तर मामांनी मामींच्या बरोबरीने त्या धाकट्या भावाचेही नाव घातले असते, असे मला उगीच वाटत राहते.

याच आपल्या जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची एक सहकारी बँक काढली, ती १९९७ मध्ये. पुरुष जगायला बाहेर जातात तो हा मुलूख. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायला पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडीना, इथून त्या बँकेचा आरंभ. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायकांचे अंगठे, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, हे कारण. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. पुढे पासबुके वाटायची वेळ आली तेव्हा बायकांनीच सुचवले की ती घरी नकोत, घरी नेली तर नवऱ्याच्या नजरेला पडतात आणि साठवलेले पैसे मागितले जातात; तुम्हीच आमच्या दारी, बाजारात येऊन पैसे भरून घ्या. मग बँकेची माणसे बायकांकडे जाऊन पैसे जमा करून घेऊ लागली.